नापास व्हायची तयारी

दगडवाडीच्या माध्यमिक विद्यालयात चांगदेव दरेकर सर बावीस वर्षं मराठी शिकवत होते, आणि या बावीस वर्षांत दहावीला मराठीत त्यांचा एकही विद्यार्थी नापास झाला नव्हता. गणितात झाले, इंग्रजीत तर दरवर्षी ढिगानं झाले, पण मराठीत नाही. ही गोष्ट सर स्वतःहून कुणाला सांगत नसत. फक्त कुणी पाच मिनिटं शेजारी बसलं की बोलता बोलता ती आपोआप निघायची. सरांची दुसरी ख्याती म्हणजे त्यांचं अक्षर. गावातल्या लग्नपत्रिकांवरची नावं, ग्रामपंचायतीचा फळा, शाळेच्या दारावरचा सुविचार, सगळं त्यांच्या हातचं. वाईट अक्षराचा त्यांना मनापासून राग होता. पेपर तपासताना अक्षराचे दोन मार्क ते हटकून कापायचे आणि वहीवर तांबड्या शाईनं लिहायचे, ‘अक्षर सुधारा’.

अशा माणसावर दोन हजार तीन साली एका मुलीला तपासणीत नापास करून आणायची वेळ आली.

त्याचं असं झालं. शिरूरला शिक्षकांचं एक दिवसाचं प्रशिक्षण होतं, विषय होता अध्ययन अक्षमता. मुख्याध्यापकांनी सगळ्यांना विचारलं. पण कुणाकडे पाहुणे यायचे होते, कुणाची कांद्याची लागण चालू होती. सरांकडे काहीच नव्हतं, म्हणून सर गेले. जेवणानंतरचं भाषण डोळे मिटून ऐकायची त्यांची पद्धत होती. मध्येच त्यांनी एक डोळा किलकिला केला, तर समोर पडद्यावर कुणाच्या तरी वहीचं पान. अक्षरं उलटी, काने गायब, वेलांट्या भलत्याच अक्षरांवर, एकच शब्द तीन ओळींत तीन तऱ्हांनी लिहिलेला. सर ताठ बसले. आपल्या दहावीतल्या पूनम कोळपेची वही या लोकांनी परस्पर कुठून पैदा केली, हेच त्यांना कळेना. भाषण करणाऱ्या बाई सांगत होत्या, की अशा मुलांची बुद्धी चांगली असते, पण अक्षरं त्यांना दाद देत नाहीत. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात तपासणी होऊन दाखला मिळाला, तर दहावीला लेखनिक मिळतो. म्हणजे उत्तर मुलानं तोंडी सांगायचं आणि खालच्या वर्गातल्या कुणीतरी ते लिहून घ्यायचं.

परतीच्या एस.टी.त सरांना चैन पडेना. पूनम पाचवीपासून त्यांच्या वर्गात होती. एकदा ऐकलेली कविता ती दुसऱ्या दिवशी चालीसकट म्हणायची, आणि पेपरात मात्र तिला सात नाहीतर आठ मार्क. ती वर्गामागून वर्ग कशी वर सरकत आली, याची चौकशी कुणी केली नव्हती. सरांनी तिला आधी आळशी ठरवलं, मग ढ ठरवलं, आणि सातवीत एकदा, अक्षरापायीच, हातावर पट्टी मारली होती. ती पट्टी त्यांना आता न्हावऱ्याच्या थांब्यापासून दगडवाडीपर्यंत आठवत राहिली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते कोळप्यांच्या वस्तीवर गेले. कोळप्यांची मेंढरं जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती. आता थोडी बाजरी होती, आणि पूनमचा बाप गेणबा कुरकुंभला केमिकलच्या कंपनीत कंत्राटावर शिफ्ट करत होता, आठवड्यातून एकदा घरी यायचा. घरी पूनमची आई रतनबाई होती. सर घरी आले म्हटल्यावर तिनं आधी घोंगडी झटकून अंथरली आणि मग फडक्यात बांधलेल्या वह्यांचा गठ्ठा पुढं ठेवला. पाचवीपासूनच्या सगळ्या वह्या तिनं जपून ठेवल्या होत्या.

“सर, तुमी लई लिवता हिच्या वहीवर,” ती कौतुकानं म्हणाली. “आमाला काय वाचता येत न्हाई. म्या हिला पुसलं, ह्ये तांबड्यात काय हाय गं? तर म्हणली, सर शाबास म्हणत्यात.”

सरांनी वही उघडली. अक्षर सुधारा. पान उलटलं. अक्षर सुधारा. दाराशी पूनम खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं भुई उकरत उभी होती. सरांनी वही मिटली.

“हो,” ते म्हणाले. “शाबासच आहे ते.”

मग त्यांनी तपासणीचं सांगितलं. रतनबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तिचा बाप म्हणतोय, धाव्वी झाली तर फुडं शिकवू. न्हाई झाली तर कुरकुंभला पॅकिंगला लावू. ठेकेदारानं जागा धरून ठिवलीया. काय करायचं त्ये ह्या साली करा सर. फुडलं साल न्हाई आमच्याकडं.”

एक अर्ज, एक तपासणी, एक दाखला. आठ दिवसांचं काम, असा सरांचा हिशेब होता.

पहिल्या आठ दिवसांत अर्ज शाळेच्या आवारातूनसुद्धा बाहेर पडला नाही. मुख्याध्यापक म्हणाले, एवढा खटाटोप कशाला, मुलीला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा, म्हणजे ती तरी सुटेल आणि शाळेचा निकाल तरी. सर म्हणाले, ती शाळेत आहे तर शाळेतूनच बसेल. इतकं सरळ उत्तर त्यांनी मुख्याध्यापकांना पूर्वी कधी दिलं नव्हतं. मग क्लार्क आडवा आला. त्याच्याकडच्या फॉर्मवर अपंगत्वाचे तीन चौकोन होते: अंध, मूकबधिर, अस्थिव्यंग. चौथा चौकोन नव्हता. “अस्थिव्यंगावर करा की टिक,” तो म्हणाला. “शेवटी भानगड हाताचीच हाय ना?” सरांनी पट्टी घेऊन चौथा चौकोन स्वतः आखला आणि त्यापुढं आपल्या वळणदार अक्षरात ‘अध्ययन अक्षमता’ असं लिहिलं. तो चौकोन छापील तिघांपेक्षा देखणा आला. क्लार्कनं तो उजेडात धरून पाहिला आणि नाइलाजानं शिक्का मारला.

तोवर गावात बातमी पसरली होती, की दरेकर सर पेपर लिहायला माणूस देतात. सोसायटीचे चेअरमन बापूसाहेब पहाटेच दारात हजर. त्यांचा नातू स्वराज दहावीलाच होता. “सर, कोळप्याच्या पोरीला माणूस, आन् आमच्या स्वराजनं काय घोडं मारलं? त्यालाबी काय येत न्हाई. पायजे तर आत्ता परीक्षा घ्या.” सरांनी परोपरीनं समजावलं, की काहीच न येणं आणि लिहिता न येणं यात फरक आहे. बापूसाहेबांना तो पटला नाही. आपल्या नातवाच्या अज्ञानावर एका शिक्षकानं अविश्वास दाखवावा, याचं त्यांना वाईट वाटलं.

सरांच्या शेजारी हौसराव राहायचे. रेल्वेत गार्ड म्हणून उभी हयात काढून ते दौंडच्या रेल्वे कॉलनीतून गावी परतले होते, आणि जगातल्या कुठल्याही ठिकाणी जायचा रस्ता दौंडवरूनच जातो असं त्यांचं मत होतं. पुण्याला जायला सरळ शिरूरची एस.टी. असताना त्यांनी सरांना बजावलं, “एस्टीचा भरवसा न्हाई सर. दौंडावरून पॅसेंजर धरा. राइट टाइम पुण्यात.” ते स्वतः स्टेशनपर्यंत पोचवायलाही आले, आणि तिथं ओळखीचा प्रत्येक माणूस भेटला की त्याला पूनमची केस पहिल्यापासून सांगू लागले. चहावाल्यानं ब्राह्मीचं तेल सुचवलं, रूळ बदलणाऱ्या एका पॉइंट्समननं चष्मा. पॅसेंजर अर्धा तास उशिरा सुटली आणि पुढं जाऊन एका आऊटर सिग्नलला तासभर बसली. सर, पूनम आणि रतनबाई दवाखान्यात पोचले तेव्हा साडेबारा वाजून गेले होते.

तपासणाऱ्या मॅडम पिशवी भरून निघायच्या बेतात होत्या. रतनबाईकडे पाहून त्या पुन्हा खुर्चीत बसल्या. त्यांनी पूनमला आकडे सांगितले, तिनं उलट्या क्रमानं परत सांगितले. एक लांबलचक गोष्ट सांगितली, तिनं ती एकही नाव न गाळता परत सांगितली. मॅडमच्या भुवया वर गेल्या, आणि दारात उभे असलेले सर दोन इंच उंच झाले. मग मॅडमनी वाचायला एक कार्ड दिलं. तिसरी-चौथीच्या मुलांना यावा असा उतारा, पाटलाच्या विहिरीतल्या कासवाचा. पूनम पहिल्याच ओळीत अडली. कासवाचं सकवा झालं, विहिरीचं काहीच झालं नाही. तिच्या कपाळावर घाम आला.

मॅडमनी मान वर केली. “मराठी कोण शिकवतं हिला?”

“मीच,” सर म्हणाले.

“किती वर्षं?”

“हे सहावं.”

मॅडमनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं. बावीस वर्षांत सरांकडे असं कुणी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात वीज गेली, आणि उरलेली तपासणी पुढच्या महिन्यात करू असं ठरलं.

आता इथं सरांनी जे केलं ते एखाद्या लुच्च्या माणसाच्या हातून झालं नसतं. त्याला सचोटीचा, हाडाचा शिक्षकच पाहिजे. परीक्षेची तारीख कळली की तयारी करून घ्यायची, याशिवाय त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. कासवाचा उतारा मॅडमच्या टेबलावर पडलेला त्यांनी निघताना वाचला होता आणि तो त्यांच्या डोक्यात पक्का बसला होता. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर ते पूनमला थांबवून घेऊ लागले. सर उतारा म्हणायचे, पूनम मागून म्हणायची. स्वल्पविरामाला थोडं थांबायचं, पूर्णविरामाला जास्त थांबायचं.

“सर,” पूनमनं एकदा विचारलं, “पन तितं आपल्याला येत न्हाई असंच दावायचं हाय ना?”

“येत नाही हे खरंच आहे,” सर म्हणाले, “पण अगदीच येत नाही असं दिसू नये.”

पूनमनं त्यांच्या तोंडाकडे जरा वेळ पाहिलं आणि पुढचं वाक्य म्हणायला घेतलं.

महिन्यानं पुन्हा पुणे. या खेपेला शिरूरहून एस.टी.नं गेले, हौसराव रुसले ते रुसले. मॅडम रजेवर होत्या, त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टर होता. त्यानं सरळ तेच कार्ड पूनमच्या हातात दिलं. पूनमनं बोट ओळीवर ठेवलं आणि उतारा असा वाचला, की बाहेर बाकावर बसलेली माणसं बोलणं थांबवून ऐकू लागली. स्वल्पविरामाला थोडी थांबली, पूर्णविरामाला जास्त. कासव पाण्यात गेलं तिथं तिनं आवाज हळू केला. सरांना भान राहिलं नाही. त्यांच्या तोंडून मोठ्यानं निघालं, “शाबास!”

डॉक्टरही हसला, आणि त्यानं कागदावर दोन ओळी लिहून सही केली.

शिक्रापूर येईपर्यंत सर खुशीत होते. शिक्रापूरला गाडी थांबली, तेव्हा त्यांनी चष्मा लावून कागद उघडला. ‘वाचन समाधानकारक. सवलतीची आवश्यकता नाही.’ त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला, मग पुन्हा काढून वाचला. शेजारी रतनबाई मायलेकींत शेंगदाणे वाटून घेत होती.

“पास झाली न्हवं सर?” तिनं विचारलं.

“झाली,” सर म्हणाले. तिथून शिरूरपर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले.

गावात हौसराव अभिनंदनाला आले. बापूसाहेबांनी निरोप पाठवला, की कोळप्याची पोर ज्यात पास झाली त्यात स्वराज नक्की नापास होईल, आता तरी त्याचा विचार व्हावा. सर दोन दिवस शाळेत कुणाशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी पूनमला व्हरांड्यात बोलावलं. परीक्षा मंडळाकडे कागद जायला जेमतेम दहा दिवस उरले होते.

“तुला समजत होतं ना,” सर म्हणाले, “की वाचता आलं तर दाखला मिळणार नाही?”

“व्हय.”

“मग अडखळायचं होतंस. मी शिकवलं म्हणून काय झालं?”

पूनम म्हणाली, “मागल्या खेपंला मॅडम तुमाला बोलल्या, तवा तुमचं तोंड येवढंसं झालतं. मला ग्वाड न्हाई वाटलं. म्हनलं, दाखला ऱ्हाऊ द्या, पन सरांची मान खाली नगं.”

सर व्हरांड्याच्या खांबाला धरून उभे राहिले. हिनं आईला सांगितलेलं शाबास त्यांना आठवलं. सहा वर्षं ही पोर आपली लाज झाकत आली आणि आपण तिच्या वहीवर तांबडं ओढत आलो, हे त्यांना त्या क्षणी स्वच्छ दिसलं, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

त्या दिवशी त्यांनी मॅडमना पत्र लिहायला घेतलं. पहिल्या मसुद्यात बावीस वर्षांच्या निष्कलंक सेवेबद्दल अकरा ओळी होत्या. दुसऱ्यात चार उरल्या. तिसऱ्यात एकही नव्हती. ‘सदर उतारा मी विद्यार्थिनीकडून महिनाभर पाठ करून घेतला. तिला वाचता येत नाही. सहा वर्षे मराठी मीच शिकवत आहे. चूक माझी आहे, तिची नाही.’ खाली सही, हुद्दा आणि तारीख.

तिसऱ्या खेपेला मॅडम होत्या. त्यांनी पत्र सावकाश वाचलं.

“हे मला फाइलला लावावं लागेल,” त्या म्हणाल्या.

“लावा.”

“तुमच्या शाळेत विचारणा झाली तर?”

“होऊ द्या,” सर म्हणाले. मुख्याध्यापकांचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढं येऊन गेला.

“अक्षर फार सुंदर आहे तुमचं,” मॅडम म्हणाल्या. जन्मात पहिल्यांदा सरांना या वाक्याचा आनंद झाला नाही.

मॅडमनी कपाटातून दुसरं कार्ड काढलं, आणि एक नाही, चांगली पाच. पूनमनं पहिलं हातात घेतलं, पण तोंड उघडेना. तिनं एकदा कार्डाकडे पाहिलं, एकदा सरांकडे.

“सर,” ती हळूच म्हणाली, “तुमी भाईर थांबता का? तुमी असला म्हंजी मला चुकता येत न्हाई.”

सर बाहेर येऊन रतनबाईशेजारी बाकावर बसले. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून पूनमचा आवाज यायला लागला. अडला, थांबला, मागं गेला, एका अक्षरावर तीनदा आपटला. बावीस वर्षं चुकीचा उच्चार कानावर पडला की सरांचा हात खडूकडे जायचा. आज पोर चुकली की त्यांच्या जिवात जीव यायचा, आणि पुढच्याच क्षणी त्यांची नजर दारावरून खाली यायची, कारण यातली एकही चूक खोटी नव्हती. इतक्या वर्षांत त्यांनी तिचं वाचन असं शेवटपर्यंत कधी ऐकलंच नव्हतं. दुसऱ्या ओळीला ते म्हणायचे, बस खाली.

“काय म्हणती पोर?” रतनबाईनं विचारलं. “जमतंय का?”

“जमतंय,” सर म्हणाले आणि रुमाल काढून त्यांनी चष्म्याची काच पुसली.

पाचव्या कार्डापर्यंत पाऊण तास लागला. दाखला त्याच दिवशी मिळाला. शाळेत विचारणाही झाली. मुख्याध्यापकांनी सरांना समोर उभं करून ते पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि त्या दिवसापासून बावीस वर्षांच्या निकालाची गोष्ट सर कुणाला सांगेनासे झाले.

मार्चात शिरूरच्या केंद्रावर मराठीचा पेपर होता. लेखनिक म्हणून नववीतली वैष्णवी मिळाली होती. हुशार मुलींच्या आईबापांनी आपल्या पोरींचा वेळ जाईल म्हणून नकार दिला होता; वैष्णवी कुणी विचारायच्या आधीच तयार झाली. तिचा हात भरभर चालायचा, पण अक्षर असं होतं की सरांनी तिच्या वहीवर आजवर एक अख्खी शाईची बाटली संपवली असेल. सरांनी तिला एवढंच सांगितलं, “पूनम सांगेल तेच लिहायचं. आपल्या मनानं सुधारायचं नाही.” मग केंद्राच्या फाटकाबाहेर लिंबाखाली ते, रतनबाई आणि गेणबा, जो पाळी बदलून थेट कुरकुंभहून आला होता, असे तिघं तीन तास उभे राहिले. हौसराव दौंडमार्गे निघाले होते, ते अजून पोचायचे होते.

घंटा झाली. पहिली वैष्णवी बाहेर आली, उजवा हात झटकत.

“सर, ही थांबतच न्हाई वो!” ती कुरकुरली. “चार पुरवण्या लागल्या. शेवटच्या पानावर तर मला माझंच वाचता येईना. बोटं मोडून आली माझी.”

तिच्यामागून पूनम आली. गेणबानं पुढं होऊन पाण्याची बाटली तिच्या हातात दिली. ती प्यायली नाही. सरांच्या समोर येऊन उभी राहिली, आणि ज्या प्रश्नानं तिला तीन तास आत सतावलं असणार, तो तिनं विचारला.

“सर, सगळं आलं. पन वैष्णवीचं अक्षर लई वंगाळ हाय. मार्क जात्यात का वो?”

सरांनी तोंड उघडलं. दोन मार्क जातात, हे बावीस वर्षं त्यांच्या जिभेवर होतं.

“अक्षराचं काय घेऊन बसलीस,” ते म्हणाले. “पहिल्या प्रश्नाला काय सांगितलंस ते बोल. अगदी सुरुवातीपासून सांग.”

आणि तिथंच, लिंबाखाली, पूनम सांगू लागली. सर मधे एकदाही बोलले नाहीत.